बेंगळुरूत दम धरला

बेंगळुरूहून परतलो त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मला घेरलं. लालबाग पाहिली का? विधानसौध पाहिलं का? म्हैसूरला जाऊन आलात की नाही? तिन्हीला माझं उत्तर एकच, नाही. "मग इतके दिवस केलंत तरी काय?" चित्रकलेच्या बाईंनी विचारलं, तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेलं. ते आता सविस्तर देतो. मी जे पाहून आलो त्याचं तिकीट कुठल्या खिडकीवर मिळत नाही, पण तुमच्यातल्या काहीजणांना ते उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

मी सांगलीत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि कबड्डीचा पंच आहे. निघताना मी 'पंच होतो' असं म्हणत होतो.

निघण्याआधी

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मी पंच होतो. उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. कुणी मला धक्का दिला नव्हता, वाद नव्हता, ऊन नव्हतं. अचानक छाती धडधडायला लागली. पळून आल्यावर धडधडते तशी नव्हे, आतून कुणी दार तोडतंय तशी. हाताची बोटं बधिर झाली, घशाला कोरड पडली, मैदानावरच्या पांढऱ्या रेषा गरगरा फिरायला लागल्या. डोक्यात एकच विचार: मी मरतोय, आणि एवढ्या लोकांसमोर मरतोय. मला उचलून गाडीत घातलं.

दवाखान्यात ईसीजी, इको, फिरत्या पट्ट्यावर पळवणं, सगळं झालं. सगळं चांगलं आलं. "काही नाही सर, टेन्शन घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. पण ते 'काही नाही' आठवड्यात पुन्हा आलं, न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्याभोवती कापड बांधलेलं असताना. मग बँकेच्या रांगेत. मग एका लग्नाच्या पंगतीत, पहिलाच घास तोंडात असताना.

जिथं झालं, ती जागा मी सोडून दिली. न्हावी घरी यायला लागला. बँकेत बायको, सुनीता, जायला लागली. पुढं पुढं तर शाळा वगळता कुठंही जायचं म्हणजे सुनीता सोबत हवीच. पिशवीत पाण्याची बाटली, आणि एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांच्या पाकिटातून काढून दिलेली जिभेखाली ठेवायची गोळी. शिट्टी कपाटात गेली. लोक विचारायचे, तर गुडघा दुखतो म्हणून सांगायचो.

अशात अक्काचा फोन आला. शोभाक्का माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे निपाणीचे. ती लग्न होऊन बेंगळुरूला गेली ती तिथलीच झाली. भावोजी गेल्यावर तिनं तिथल्या मराठी मंडळात स्वतःला झोकून दिलं आणि गेली काही वर्षं मंडळाच्या कबड्डी स्पर्धा तीच भरवते. स्वतः एकेकाळी निपाणीच्या मुलींच्या संघात अशी पकड करायची की समोरची रडायची.

"यंदा पंच तू. सरी? चालेल ना?" अक्का म्हणाली.

"अक्का, पाहुणा म्हणून येतो. शिट्टी नको."

"ये तर आधी. मग बघू," म्हणून तिनं फोन ठेवला.

मी तेही टाळणार होतो. सुनीता म्हणाली, "नाही म्हणायचं तर तिथं जाऊन म्हणा. पण घरात बसून नाही म्हणायचं आता पुरे झालं." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. तो मला जास्त लागला. आम्ही निघालो.

राजाजीनगर

रेल्वेचा प्रवास सांगत नाही. दाराजवळची जागा मागून घेतली आणि वाटभर दार कुठं आहे तेच बघत आलो, एवढं पुरे.

राजाजीनगर हा जुना, सुस्थितीतला भाग. घरांपुढं रांगोळ्या, पण आपल्यासारख्या रंग भरलेल्या नव्हेत, नुसत्या पांढऱ्या, ठिपके आणि त्यांना वळसे घालत जाणारी रेघ. रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा पडला होता आणि फेब्रुवारी असून सकाळी अंगावर स्वेटर चालत होता. अक्काच्या गल्लीच्या तोंडाशीच रिक्षा थांबली, मी मान वर केली. मंडळाचा भला मोठा फलक लागला होता. स्पर्धेचं नाव, तारीख, आणि खाली ठळक अक्षरांत: 'पंच – प्रकाश सर, सांगली'. शेजारी माझा दहा वर्षांपूर्वीचा, भरपूर केसांचा फोटो.

"अक्का, मी पाहुणा म्हणालो होतो!"

"पाहुणाच आहेस की. पाहुण्यांची नावं मोठी घालायची पद्धत आहे इकडं." अक्का दारातच हसली. मग सुनीताला जवळ घेऊन म्हणाली, "बा, आत या. स्वल्प कॉफी घेऊ."

त्या 'स्वल्प' कॉफीची चटक लागली, आणि कॉफीनंच पुढचा घोटाळा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मंडळाच्या कामाला गेली आणि मी नि सुनीता कोपऱ्यावरच्या दर्शिनीत नाश्त्याला गेलो. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं उपाहारगृह. कूपन घ्यायचं, काउंटरवर ताट घ्यायचं, उंच टेबलापाशी उभं राहून खायचं आणि दुसऱ्याला जागा द्यायची. आपल्याकडं मिसळीच्या दुकानात माणूस बसला की पेपर वाचून उठतो. इथं कोट घातलेला साहेब आणि झाडूवाला एकाच टेबलावर कोपराला कोपर लावून खात होते, आणि दोघांनाही घाई होती. आम्ही 'चौ चौ भात' मागवला. त्यात भाताचं शीतही नव्हतं! एका बाजूला उपीट, दुसऱ्या बाजूला केशरी शिरा. शिऱ्याला भात म्हणणारं हे पहिलंच गाव मी पाहिलं. पण तूप असं सुटलं होतं की सुनीतानं नावाबद्दल तक्रार केली नाही. वर कॉफी घेतली. पेला एवढासा, पण कॉफी कडक. मी दुसरीही घेतली.

पेला खाली ठेवतोय तोच छाती उडायला लागली.

गर्दी वाढत होती. मागचा माणूस माझ्या जागेसाठी थांबला होता. बोटांत मुंग्या आल्या. मला 'चला' एवढंच म्हणता आलं. सुनीतानं रिक्षा थांबवली, मी 'आस्पत्रे, आस्पत्रे' ओरडत होतो. कानावर पडलेलं सगळं कन्नड त्या एका शब्दात गोळा झालं होतं. रिक्षावाला "आयतु सार, आयतु", म्हणजे झालंच सर, असं म्हणत अशा वेगानं गेला की भीतीला आणखी एक कारण मिळालं.

तातडीच्या विभागात पुन्हा ईसीजी, पुन्हा रक्त. तपासण्यांचे कागद येईपर्यंत छाती शांतही झाली होती. एक तरुण डॉक्टरीणबाई कागद बघत हिंदीत म्हणाली, "अंकल, हार्ट फर्स्ट क्लास है. ऐसा पहले भी हुआ है?"

मी सगळं सांगितलं. तिनं मान हलवली. "इसको पॅनिक अटॅक बोलते हैं. नाटक नहीं है, तकलीफ सच्ची है. इलाज भी है. लेकिन इलाज मेरे पास नहीं, मन के डॉक्टर के पास है."

वर्षभर ज्याला 'काही नाही' म्हणत होते, त्याला नाव होतं. मला सांगायला संकोच वाटतो, पण मी त्या पलंगावर रडलो. सुनीता माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती, आणि तिनं तिथूनच एक फोन लावला. अक्काला नव्हे. अक्काच्या मुलीला, ऋचाला.

सर्जापूर रोड

ऋचा सर्जापूर रोडला एका कंपनीत आहे आणि तिथंच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. ती दुपारीच राजाजीनगरला आली. अक्का स्वयंपाकघरात होती. ऋचानं मला गच्चीवर नेलं आणि दार लोटून घेतलं.

"मामा, मला पण होतं."

मला आधी कळेचना ती काय म्हणतेय.

"पॅनिक अटॅक. गेल्या वर्षी चालू झाले. मीटिंगमध्ये माझा नंबर आला बोलायचा की आवाजच बंद. मग मीटिंगच्या आधीच्या रात्री झोप नाही. मग मीटिंगच टाळायची. प्रमोशन पण सोडलं, मामा. आता सहा महिने झाले मी एका मॅडमकडे जाते. खूप फरक आहे."

"अक्काला माहीत आहे?"

"बेडा मामा, नको सांगू, प्लीज! आई म्हणजे... तिला भीती म्हणजे काय तेच माहीत नाही. ती म्हणेल मैदानात दोन फेऱ्या मार." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "उद्या माझी वेळ आहे त्यांच्याकडे. ती मी तुला देते. तू चल."

आपली वेळ तिनं मला दिली हे मी विसरणार नाही.

शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. राजाजीनगर ते सर्जापूर रोड म्हणजे एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणं. जुनी झाडं संपली, आणि काचेच्या इमारती, उंच घरांच्या वसाहती, अर्धवट पूल आणि त्यांच्याखाली हलता न येणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. सांगलीत सिग्नलला थांबणं म्हणजे गाडी बंद करायची की नाही याचा विचार करेपर्यंत संपतं. इथं शेजारच्या गाडीतल्या बाईचं पूर्ण जेवण झालं. मी पिशवीतली बाटली घट्ट धरून बसलो होतो.

डॉ. वसुंधरा मानसोपचारतज्ज्ञ आहेत. बेळगावच्या निघाल्या. "या की सर, बसा. काय होतंय ते सांगा बघू निवांत," असं बेळगावी मराठी कानावर पडलं आणि माझे खांदे आपोआप सैल झाले. त्यांनी दवाखान्याचे सगळे कागद आधी नीट पाहिले. मग मला बोलू दिलं. मध्ये एकदाही 'टेन्शन घेऊ नका' म्हणाल्या नाहीत.

"सर, वाघ समोर आला तर शरीर काय करतंय?" त्यांनी विचारलं. "छाती जोरात चालते, श्वास वाढतो, हातपाय पळायला तयार होतात. ते चांगलंच आहे की! त्यानंच माणूस जगला. तुमचं शरीर तेच करतंय, फक्त वाघ नसताना."

"म्हणजे पंचानं चुकून शिट्टी मारली," मी म्हणालो.

त्या खळखळून हसल्या. "बरोबर बोललात. आता मला सांगा, अशी चुकीची शिट्टी वाजली तर खेळाडू मरतो का?"

"नाही."

"तुम्हाला मात्र दरवेळी वाटतंय की मरणार. त्या भीतीनं छाती आणखी उडते. ती उडाली की आणखी भीती. असं चक्र चालतं. पण ते टोकाला जाऊन खाली येतंच. तुम्ही दरवेळी खाली यायच्या आधीच पळालात, म्हणून तुम्हाला ते कधी दिसलंच नाही."

मग त्यांनी जे केलं त्याची मी कल्पनाही केली नव्हती. मला उभं केलं आणि जागच्या जागी धावायला लावलं. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, पण वर्षभर छातीला त्रास नको म्हणून जिनाही सावकाश चढत होतो. छाती धडधडली. "बसा. काय वाटतं?" मग फिरत्या खुर्चीत बसवून गरागरा फिरवलं. खोली माझ्याभोवती फिरली, मैदानाच्या रेषा फिरल्या होत्या तशीच. आणि शेवटी म्हणाल्या, "आता माझ्याबरोबर जोरजोरात, भरभर श्वास घ्या. मी थांबा म्हणेपर्यंत."

थोड्याच वेळात माझ्या बोटांत मुंग्या आल्या. ओठ बधिर झाले. तेच! अगदी तेच! मी हात डोळ्यांपुढं धरून बघत राहिलो.

"मॅडम, हेच झालं होतं त्या सामन्यात!"

"हो ना? आणि आता ते कुणी केलं?"

"मी."

"कशानं?"

"श्वासानं."

मी खुर्चीत बसून होतो आणि बोटांतल्या मुंग्या हळूहळू उतरत होत्या. मी काही केलं नाही, पाणी प्यालो नाही, गोळी घेतली नाही, तरी त्या उतरल्या. ज्या गोष्टीला मी वर्षभर मृत्यू समजत होतो, ती एका खोलीत, दिवसाउजेडी, एका बाईंनी मला माझ्याच हातानं करवून दाखवली होती. मी हसायला लागलो. बाहेर बसलेली सुनीता दार ढकलून आत आली. नवऱ्याला खूळ लागलं असं तिला वाटलं असावं.

निघताना त्यांनी टेबलावर हात पुढं केला. "ती दुसऱ्याची गोळी इथं ठेवा. जी तुमच्यासाठी लिहिलेली नाही ती तुमची नाही. पुढं औषध लागलं तर मी देईन, त्यात लाजायचं काही नाही. बाटली घरी ठेवा. आणि उद्या गर्दीत जा. एकटे. सुनीताताई नकोत संगती."

"आणि तिथं अटॅक आला तर?"

"यायलाच पाहिजे! आला तर पळायचं नाही, हे बघायला तर जायचं आहे." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "सर, चार दिवसांत हे संपत नाही हं. सांगलीला गेल्यावर दर आठवड्याला व्हिडिओवर भेटायचं. ही फक्त सुरुवात आहे."

शिवाजीनगर

गर्दीसाठी ऋचानं शिवाजीनगर सुचवलं. तिनं मला बसमध्ये बसवून दिलं आणि मागं वळून न बघता निघून गेली. तिला मागं वळायचं होतं हे तिच्या मानेवरून कळत होतं.

शिवाजीनगर म्हणजे जुन्या छावणीला लागून असलेला बाजार. बसथांब्यावर उतरलो तेव्हा आधी भोंगे, मग माणसं, मग वास. चामडं, अत्तर, तळलेले समोसे, कोथिंबीर, वेल्डिंगचा धूर. गल्ल्या अरुंद, एका दुकानात गाडीचे जुने सुटे भाग, त्याला लागून पितळेची भांडी, त्याला लागून कोंबड्या. कानावर कन्नड, तमिळ आणि दख्खनी उर्दू एकाच वेळी. आपल्या सांगलीच्या बाजारात मला चार पावलांवर एक माजी विद्यार्थी भेटतो. इथं मला ओळखणारं एकही माणूस नव्हतं. मी पडलो तर कुणाला फोन करायचा हेही कुणाला कळलं नसतं.

हा विचार मनात आला आणि त्याच्या मागोमाग तेही आलं.

भांड्यांच्या गल्लीत, अगदी मधोमध. पुढं हातगाडी अडकलेली, मागं माणसं. छाती, बोटं, कोरडा घसा, सगळं ठरल्याप्रमाणं. पाय म्हणाले, पळ. हात पिशवीकडं गेला आणि पिशवीच नव्हती. मी एका दुकानाच्या खांबाला पाठ टेकली आणि तिथंच थांबलो.

दुकानदार, मेंदी लावलेल्या दाढीचे, म्हणाले, "क्या हुआ साब? तबियत खराब है? बैठो, पानी मंगाता हूँ."

वर्षभर मी गुडघा, पित्त, ऊन असली कारणं सांगत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा परक्या माणसाला खरं सांगितलं. "कुछ नहीं चाचा, घबराहट का दौरा है. आता है, जाता है. मैं बस इधर खडा रहता हूँ."

"खडे रहो, खडे रहो," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाला पातेलं दाखवायला वळले. माझ्या मरणाची त्यांनी तेवढीच दखल घेतली. त्याचा मला किती आधार वाटला!

भीती वाढली. मी तिला वाढू दिलं. मनात म्हणालो, ये, अजून ये, बघू कुठवर येतेस. ती आली, पार डोक्यापर्यंत आली. आणि मग, मी खांबाला टेकून समोरच्या तांब्यांवरचं ऊन बघत असताना, उतरायला लागली. कुणी न उतरवता. पट्टीचा चढाईबाज शेवटी दम संपून मागं फिरतो तशी. किती वेळ गेला मला माहीत नाही, मी घड्याळ बघितलं नाही. हातगाडी निघाली, गल्ली हलायला लागली. आणि मी पुढं चालायला लागलो, पुढंच! मागं बसथांब्याकडं नाही.

भूक अशी कडाडून लागली होती की पहिल्याच टपरीवर निखाऱ्यावरचे सीख कबाब घेतले, रुमाली रोटीत गुंडाळून, वर लिंबू आणि पुदिना. उभ्यानं, गर्दीत, कोपराला कोपर लावून. मग काळा, लिंबू पिळलेला सुलेमानी चहा. मग मुद्दाम शोधून एक कडक कॉफी. छाती थोडी उडाली. म्हटलं, उड.

परत येताना बस चुकली. म्हणजे चुकीच्या बसमध्ये चढलो आणि भलत्याच टोकाला पोचलो. सुनीताचा फोन आला तर मी म्हणालो, "हरवलोय. काळजी करू नको, मजा येतेय." मग ती म्हणाली, "या सावकाश," आणि तिचा आवाज भरून आला होता.

घरी पोचलो तेव्हा अक्का अंगणात मैदानासाठी चुन्याची पोती मोजून घेत होती. मी म्हणालो, "अक्का, उद्या पंच मी."

"मग काय मी?" तिनं मान वरही केली नाही.

मैदान

रविवारी एका शाळेच्या मागच्या मैदानावर निम्मं मराठी बेंगळुरू लोटलं होतं. कारखान्यात काम करणारी निपाणी-चिकोडीकडची पोरं, त्यांचे आईवडील, आयटीतली पुण्या-नागपूरची मंडळी, गल्लीतले कन्नड शेजारीपाजारी. अक्का पदर खोचून सगळ्यांना हुकूम सोडत फिरत होती. "ए तम्मा, ती दोरी ओढ की! अण्णा, खुर्च्या मागं घ्या!"

अंतिम सामना कारखान्यातली सीमाभागची पोरं विरुद्ध सर्जापूर रोडची आयटीवाली, असा लागला. आयटीवाले पोटं सुटलेले असतील असं मी धरून चाललो होतो. त्यांचा कर्णधार, निनाद नावाचा नागपूरचा धिप्पाड गडी, पहिल्याच चढाईत दोघांना घेऊन आला आणि माझा गैरसमज दूर झाला.

उत्तरार्धात गुण जवळजवळ बरोबरीत होते. लोक रेषेपर्यंत सरकले होते, ढोल वाजत होता. आणि तेव्हा ते आलं. शिट्टी ओठांत होती आणि ओठच बधिर व्हायला लागले.

खरं सांगतो, क्षणभर मी हरलो. माझी नजर कुंपणाच्या फाटकाकडं गेली. मग मैदानावर परत आली. म्हटलं, आलीस? ये. पण मला काम आहे.

निनाद चढाईला निघाला. मंडळाच्या स्पर्धेत अजून जुनाच नियम आहे, 'कबड्डी कबड्डी' एका दमात, ऐकू येईल असं म्हणायचं. दम तुटला की बाद. तो कोपऱ्यात घुसला, तिघांनी त्याला धरलं, तो सगळ्यांना ओढत मध्यरेषेकडं सरकला. लोक किंचाळत होते. मी जमिनीला कान लावल्यासारखा वाकलो. माझी छाती माझ्याच कानात वाजत होती, आणि त्या आवाजाच्या पलीकडं मला त्याचा दम ऐकायचा होता. कबड्डी, कबड्डी, कब... आणि एक घोट श्वास. मग पुन्हा कबड्डी. त्याची बोटं रेषेला लागली.

अर्धं मैदान नाचायला लागलं. मी शिट्टी मारली, लांब, खणखणीत. हात वर केला. बाद.

"सर! रेषा शिवली मी!" निनाद धावत आला. त्याचा संघ माझ्याभोवती. अशाच वेळी एका वर्षापूर्वी मला उचलून न्यावं लागलं होतं, आणि आज मी बधिर ओठांनी, धडधडत्या छातीनं उभा होतो, आणि माझा आवाज स्थिर होता.

"रेषेच्या आधी दम तुटला. मी ऐकला."

निनादनं माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घातली, हसला. "तुटला होता सर," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. सामना पुढं सुरू झाला. ते कधी ओसरलं मला कळलंही नाही. चार चढाया झाल्यावर लक्षात आलं की मी नुसता सामना बघतोय.

कारखान्याची पोरं जिंकली. बक्षिसं झाली, आणि अक्कानं माइक माझ्या हातात दिला. "दोन शब्द बोल."

मी खेळाडूंचं कौतुक करून थांबणार होतो. पण समोर एवढी माणसं होती आणि मला वर्षभराचा गुडघा आठवला. मी म्हणालो, "शेवटच्या दहा मिनिटांत मला पॅनिक अटॅक आला होता. छाती धडधडत होती, हात बधिर होते. हा आजार आहे, त्याला नाव आहे, उपचार आहे. आधी मला वाटायचं मी मरतोय. म्हणून मी वर्षभर शिट्टी सोडली होती. आज तो आला, आणि मी शिट्टी मारत राहिलो. एवढंच."

ढोलवाल्यानंही हात थांबवला होता. मग निनादनं टाळी वाजवली, मग त्याच्या संघानं, मग सगळ्या मैदानानं. सुनीता टाळ्या वाजवत नव्हती. ती दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

जेवायला बिसी बेळे भात होता, डाळ-तांदूळ-भाज्यांचा गरम, मसालेदार, वर तूप, आणि होळीगे, म्हणजे आपली पुरणपोळीच, पण पातळ आणि तेलावर भाजलेली. माझ्या पानातला भात मात्र गार होत गेला. एकेक जण जवळ येत होता. एका कारखान्यातल्या गड्याला लिफ्टमध्ये होतं. एका आजोबांना बसमध्ये. एका बाईंना बाळ झाल्यापासून. सगळे हळू आवाजात, इकडंतिकडं बघत सांगत. शेवटी निनाद आला. तो मात्र हळू बोलेना. "सर, मला पण आहे हे. त्या डॉक्टरांचं नाव द्या ना."

मी तोंड उघडायच्या आत, वाढणाऱ्या बायकांच्या रांगेतून, होळीगेचं ताट हातात धरून ऋचा म्हणाली, "माझ्याकडे आहे नंबर. मी जाते त्यांच्याकडे. सहा महिने झाले."

ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली. ज्या पोरीचा मीटिंगमध्ये आवाज बंद व्हायचा, ती. अक्का तिच्या शेजारीच तुपाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा लेकीकडं. ऋचा ताट धरून तशीच उभी राहिली, हलली नाही.

"सहा महिने," अक्का म्हणाली. "एकटी जात होतीस?"

"हो."

अक्कानं तुपाचं भांडं खाली ठेवलं, लेकीच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तिला खुर्चीवर बसवलं. मग स्वतः तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसली, एवढ्या लोकांत, पदर खोचलेला तसाच.

"सांग मला," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."